फियाट ११०० : इटलीतील शर्यतीची मोटार आणि मुंबईतील 'पद्मिनी' – तंत्रज्ञानाच्या स्थित्यंतराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

यवतमाळ ते मूर्तिजापूर या नॅरोगेज लोहमार्गाचा, म्हणजेच 'शकुंतला'चा, इतिहास आपल्या जिल्ह्यातील अभ्यासकांना परिचित आहे. वऱ्हाडातील कापूस मुंबईच्या बंदराकडे व तेथून इंग्लंडकडे पाठविण्याच्या सोयीसाठी हा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी घातला गेला. या मार्गावरील वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टर येथे तयार झाले होते आणि ते १९९४ पर्यंत धावत राहिले. ज्या देशाने ते घडविले त्या देशातून वाफेची इंजिने नियमित सेवेतून १९६८ मध्येच निवृत्त झाली होती. यंत्र जन्मते एका ठिकाणी आणि दीर्घायुषी होते दुसऱ्याच ठिकाणी, याचे हे घरचे उदाहरण होय.

प्रस्तुत लेखात याच प्रकारच्या दुसऱ्या एका यंत्राचा मागोवा घेतला आहे. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने आणि विदर्भातील डॉक्टर, वकील व व्यापारी यांच्या दारात खासगी वाहनाच्या रूपाने दिसणारी 'प्रीमियर पद्मिनी' सर्वांना ठाऊक आहे. तिच्या इंजिनाचे मूळ मात्र इटलीतील शर्यतींच्या मोटारींशी निगडित आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. फेरारी या जगप्रसिद्ध निर्मात्याने स्वतंत्रपणे बांधलेली पहिली मोटार आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात स्थान मिळविलेली 'सिसितालिया २०२' या दोन्ही मोटारींचा यांत्रिक पाया फियाट ११०० याच कुळातील होता.

एकाच इंजिनाचा इटलीत दहा वर्षांत वेगाने विकास झाला आणि मुंबईत तेच इंजिन जवळजवळ अर्धशतक मूळ मापांवर स्थिर राहिले. असे का घडले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासाची मर्यादा :

या लेखात मोटारीच्या सर्व अंगांचा विचार केलेला नाही. १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन हा अभ्यासाचा केंद्रबिंदू मानला असून त्यातून मिळणारी अश्वशक्ती हा विकासाचा एक निदर्शक म्हणून वापरला आहे. अश्वशक्ती हे मोटारीच्या गुणवत्तेचे एकमेव माप नव्हे, याची जाणीव ठेवूनच पुढील विवेचन केले आहे.

१. मूळ इंजिनाची निर्मिती (१९३२ ते १९३७) :

तुरीन येथील फियाट कंपनीने १९३२ मध्ये '५०८ बालिला' ही लहान मोटार बाजारात आणली. मध्यमवर्गीयांना परवडणारी ही मोटार लोकप्रिय ठरली. १९३७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती '५०८ सी' या नावाने आली. तिच्या रचनेची जबाबदारी दांते जाकोसा या तरुण अभियंत्याकडे होती. त्या वेळी त्याचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते आणि आदल्याच वर्षी त्याने रचलेली 'फियाट ५००' ही अतिशय लहान मोटार बाजारात आली होती.

नव्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याच्या धावेची लांबी ७५ मिलिमीटर होती. चार सिलिंडरची एकूण क्षमता १०८९ घन सेंटिमीटर भरते. झडपा सिलिंडरच्या डोक्यावर बसविलेल्या असल्याने इंधनमिश्रित हवा आत येण्याचा आणि जळालेला वायू बाहेर पडण्याचा मार्ग सुकर झाला होता. पुढील दोन चाकांना स्वतंत्र निलंबन दिल्याने खडबडीत रस्त्यावरही मोटार स्थिर राहत असे. इंजिनाची शक्ती ३२ अश्वशक्ती होती. कुटुंबासाठी बनविलेल्या मोटारीच्या मानाने ही रचना सुदृढ होती आणि तिच्यात पुढील सुधारणेला वाव होता. ६८ × ७५ ही मापे वाचकांनी लक्षात ठेवावीत, कारण पुढील संपूर्ण इतिहासात ती पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

२. शर्यतीच्या मैदानात प्रवेश (१९३८ ते १९४०) :

इटलीत १९२७ पासून 'मिल्ले मिलिया', म्हणजे एक हजार मैलांची शर्यत, भरत असे. ब्रेशा या शहरातून निघून रोमपर्यंत जायचे आणि परत ब्रेशाला यायचे, असा हा सुमारे १६०० किलोमीटरचा प्रवास सार्वजनिक रस्त्यांवरूनच होई. या शर्यतीत इंजिनाच्या क्षमतेनुसार गट पाडलेले असत. त्यामुळे धनिकांच्या मोठ्या मोटारींबरोबर ११०० घन सेंटिमीटरच्या आतील लहान मोटारींनाही आपापल्या गटात जिंकण्याची संधी मिळे. लहान इंजिनावर प्रयोग करणाऱ्या कारागिरांना यातून प्रतिष्ठा मिळाली, ही बाब महत्त्वाची आहे.

फियाटने १९३८ मध्ये '५०८ सी मिल्ले मिलिया' ही वायुगतिक आकाराची मोटार तयार केली. तिच्या इंजिनाची मूळ मापे कायम होती, परंतु शक्ती ३२ वरून ४२ अश्वशक्तीवर नेण्यात आली. त्याच वर्षीच्या शर्यतीत बोलोन्या येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसून लहान मुलांसह अनेकांचा मृत्यू झाला आणि ही शर्यत बंद करण्यात आली. १९४० मध्ये ती ब्रेशा, क्रेमोना व मांतुआ यांना जोडणाऱ्या बंदिस्त रस्त्यांवर पुन्हा भरविण्यात आली.

या १९४० च्या शर्यतीला वेगळे ऐतिहासिक महत्त्व आहे. एन्झो फेरारी १९३९ मध्ये अल्फा रोमिओ कंपनीतून बाहेर पडला होता. चार वर्षे शर्यतीत स्वतःचे नाव वापरायचे नाही, अशी अट त्याच्यावर होती. त्यामुळे त्याने 'आउतो आव्हिओ कोस्त्रुत्सिओनी' या नावाने काम सुरू केले आणि '८१५' ही मोटार बांधली. ८ सिलिंडर व १.५ लिटर क्षमता असा त्या क्रमांकाचा अर्थ आहे. हाताशी सुमारे चार महिन्यांचाच अवधी होता. सर्व काही नव्याने घडविणे शक्य नव्हते. म्हणून अभियंता अल्बेर्तो मास्सिमिनो याने फियाट ५०८ सी चा सांगाडा आधाराला घेतला आणि त्याच इंजिनाची दोन सिलिंडर-डोकी एका रांगेत जोडून आठ सिलिंडरचे १४९६ घन सेंटिमीटरचे इंजिन साकारले. त्यासाठी खालचा ठोकळा मात्र नवीन ओतावा लागला. अशा दोन मोटारी शर्यतीत उतरल्या. त्यांपैकी एक अल्बेर्तो आस्कारी या तरुण चालकाकडे होती. दोन्ही मोटारी शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. तरीही सर्वसामान्य कुटुंबाच्या मोटारीचे भाग घेऊन शर्यतीची मोटार उभी करता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

३. युद्धोत्तर विकास : सिसितालिया आणि ११०० एस (१९४६ ते १९४८) :

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत पोलाद, पैसा आणि इंधन या सर्वांचीच टंचाई होती. अशा परिस्थितीत पिएरो दुसिओ या तुरीनच्या उद्योगपतीने शर्यतीच्या मोटारी बनविण्याचे ठरविले. दुसिओची संपत्ती मुख्यतः कापडाच्या व्यवसायातून आलेली होती. त्याने जाकोसाला पाचारण केले. जाकोसाने पोलादी नळ्यांच्या जाळीचा हलका सांगाडा रचला आणि त्यात फियाट ११०० चे इंजिन, गिअरबॉक्स व निलंबन बसविले. सिसितालिया 'डी ४६' या एकआसनी मोटारीचे वजन चारशे किलोच्या आसपास होते आणि इंजिनाची शक्ती ६० अश्वशक्तीच्या वर गेली होती. सप्टेंबर १९४६ मध्ये तुरीन येथील शर्यतीत स्वतः दुसिओने या मोटारीवर विजय मिळविला.

यानंतर दोन आसनांची 'सिसितालिया २०२' तयार झाली. १९४७ च्या मिल्ले मिलियात ताझिओ नुव्होलारी हा चौपन्न वर्षांचा अनुभवी चालक ती घेऊन उतरला. प्रतिस्पर्ध्याच्या अल्फा रोमिओचे इंजिन जवळजवळ तीन लिटरचे, तर नुव्होलारीचे त्याच्या निम्म्याहूनही लहान. नुव्होलारी बराच काळ आघाडीवर होता. परंतु पावसाचे पाणी प्रज्वलन यंत्रणेत शिरल्याने त्याचा वेळ गेला आणि त्याला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. याच मालिकेतील पिनिन फारिना याने घडविलेल्या बंद मोटारीचा समावेश १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या आठ मोटारींच्या प्रदर्शनात केला आणि पुढे ती त्या संग्रहालयाच्या कायमस्वरूपी संग्रहात गेली.

खुद्द फियाटनेही १९४७ मध्ये '११०० एस' ही ५१ अश्वशक्तीची मोटार काढली. १९४८ च्या मिल्ले मिलियात पहिला क्रमांक फेरारीला मिळाला आणि दुसरा क्रमांक या छोट्या ११०० एस ने पटकावला.

वरील घटनांवरून एक आलेख स्पष्ट होतो : १९३७ मध्ये ३२, १९३८ मध्ये ४२, १९४६ मध्ये ६० आणि १९४७ च्या विक्रीच्या मोटारीत ५१ अश्वशक्ती. सिलिंडरची मूळ रचना तीच राहिली. सुधारणा झाली ती संपीडन गुणोत्तर वाढविणे, कार्बुरेटर बदलणे, वायूचे मार्ग घासून गुळगुळीत करणे, वंगणाची व्यवस्था सुधारणे आणि मोटारीचे वजन घटविणे या मार्गांनी. यांपैकी बहुतेक कामे अवाढव्य कारखान्याशिवाय, लहान कार्यशाळेत होण्याजोगी होती. स्तांग्वेल्लिनी आणि फ्रान्समधील गोर्दिनी यांसारख्या लहान निर्मात्यांनीही याच इंजिनावर आपली मोटार उभी केली. कारखाना, कार्यशाळा आणि शर्यत यांच्यात सतत देवाणघेवाण होत राहिली, हे इटलीतील विकासाचे मर्म होय.

४. कुर्ल्यातील आगमन (१९४४ ते १९५४) :

भारतीय बाजूचा आरंभ सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्यापासून होतो. जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग भारतीयांच्या हाती असावेत, हा त्यांचा ध्यास होता. बंगळूर येथील विमान कारखाना १९४० मध्ये आणि विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी १९४१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. मोटारीच्या कारखान्याला मात्र ब्रिटिश सरकारने युद्धकाळात पाठिंबा दिला नाही. अखेर १९४४ मध्ये मुंबईत 'प्रीमियर ऑटोमोबाईल्स' ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने पहिली वाहने बाहेर पडली.

मोठ्या अमेरिकन मोटारी भारतीय ग्राहकाच्या आवाक्याबाहेर होत्या. म्हणून कंपनी फियाटकडे वळली. १९५१ मध्ये फियाट ५०० ची जुळणी सुरू झाली आणि १९५४ मध्ये 'फियाट ११००' आली. १९५३ च्या जिनिव्हा प्रदर्शनात जी मोटार जगापुढे आली ती वर्षभरात मुंबईत तयार होऊ लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या क्षणी भारत तांत्रिकदृष्ट्या फार मागे नव्हता. गोलसर आकारामुळे या मोटारीला लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव दिले. तिच्या इंजिनाची मापे होती ६८ × ७५ मिलिमीटर.

५. स्थिरतेची कारणे (१९५३ ते १९८३) :

पुढील काळात मोटारीचे बाह्य रूप व नाव बदलत गेले. 'एलिगंट', 'सुपर सिलेक्ट', 'डिलाइट', 'प्रेसिडेंट' आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी' अशी ही नामावली आहे. इटलीत १९६२ मध्ये या मोटारीला १२२१ घन सेंटिमीटरचे मोठे इंजिन देण्यात आले. भारतीय आवृत्तीत नवीन बांधा आला, परंतु इंजिन जुनेच राहिले. १९६९ मध्ये इटलीत ११०० चे उत्पादन थांबले. मुंबईत ते त्यानंतर सुमारे तीस वर्षे चालू राहिले आणि इंजिनाची शक्ती ४० अश्वशक्तीच्या आसपासच घुटमळत राहिली. १९३८ मध्ये मिल्ले मिलियासाठी फियाटने याच इंजिनातून काढलेल्या शक्तीपेक्षा हा आकडा कमीच आहे.

या स्थिरतेची कारणे कंपनीच्या इच्छाशक्तीपुरती मर्यादित मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने उत्पादनाची क्षमता परवान्याने बांधली गेली. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या अहवालानंतर, देशात प्रत्यक्ष निर्मिती करणाऱ्या कंपन्यांनाच वाव देण्याचे धोरण ठरले आणि केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या परकीय कंपन्यांनी मुंबईतून काढता पाय घेतला. या धोरणामुळे देशात सुटे भाग बनविणारा उद्योग उभा राहिला, हे त्याचे यश मान्य करावे लागेल. परंतु बाजारात फियाट, अँबॅसडर आणि स्टँडर्ड हेच तीन पर्याय उरले. मोटारीसाठी नोंदणी करून ग्राहक वर्षानुवर्षे थांबत असे. जी वस्तू न सुधारताच विकली जाते, ती सुधारण्याची निकड कोणाला वाटणार? १९६९ मध्ये मोटारींच्या किमतींवर वैधानिक नियंत्रण आले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७५ मध्ये नियंत्रण उठले. नियंत्रित किमतीत नव्या इंजिनासाठी लागणारी गुंतवणूक वसूल होण्याची शक्यता अल्प होती. परकीय चलनाच्या टंचाईमुळे नवी यंत्रसामग्री आयात करणेही अवघड होते.

भारतात शर्यती नव्हत्या असे मात्र नाही. चेन्नईजवळील शोलावरम येथे युद्धकाळातील धावपट्टीवर शर्यती भरत आणि त्यांत बदल केलेल्या फियाट मोटारीही धावत. या इंजिनातून अधिक शक्ती काढण्याचे कौशल्य येथील तंत्रज्ञांकडे होते. उणीव होती ती मैदानावरील ज्ञान कारखान्याच्या उत्पादनात उतरविणाऱ्या दुव्याची. इटलीत जो दुवा स्पर्धेने निर्माण केला, तो येथे परवाना पद्धतीमुळे अनावश्यक ठरला.

६. वापर आणि दुरुस्तीचा इतिहास :

तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांच्या क्रमाने लिहिणे अपुरे आहे, अशी मांडणी ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात केली. यंत्र वापरणारा आणि दुरुस्त करणारा माणूस हाही त्या इतिहासाचा भाग आहे, हा त्या मांडणीचा आशय होय. पद्मिनीच्या संदर्भात हा दृष्टिकोन उपयुक्त ठरतो.

यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या मुख्यालयाला दीर्घकाळ ब्रॉडगेज रेल्वे नव्हती. धामणगाव वा बडनेरा गाठण्यासाठी रस्त्यानेच जावे लागे. अशा भागात मोटारीची किंमत तिच्या वेगावर ठरत नसून बंद पडल्यास ती जवळच्या गॅरेजमध्ये चालू होते की नाही, यावर ठरते. एकच इंजिन दशकानुदशके न बदलल्याने त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळू शकले आणि मिस्त्रींच्या पिढ्यांना त्याचा स्वभाव पाठ झाला. सिलिंडर झिजल्यावर तो बोअरिंग करून किंचित मोठा करायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा, हे काम येथील गॅरेजमध्ये सर्रास होत असे. सिलिंडर मोठा करण्याची हीच क्रिया शर्यतीची मोटार सजविणारा कारागीर वेग वाढविण्यासाठी करतो. आपल्या मिस्त्रीने ती मोटारीचे आयुष्य वाढविण्यासाठी केली. कौशल्य समान, प्रयोजन भिन्न.

मात्र या गुणाचे गौरवीकरणही सावधपणे करावे लागेल. मिस्त्रीच्या हातातील ज्ञान लिहिले गेले नाही, त्याला पदविका मिळाली नाही आणि कारखान्याने त्याला विचारले नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली तेव्हा ग्राहकांनी जी झपाट्याने पाठ फिरविली, तिच्यात तीन दशकांच्या साचलेपणाची किंमत दडलेली होती. 'पद्मिनी'चे उत्पादन नव्या सहस्रकाच्या आरंभी थांबले. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून बाहेर पडली. जाकोसाने १९३७ मध्ये ठरविलेली ६८ × ७५ ही मापे येथवर आली होती.

निष्कर्ष :

१. परकीय सहकार्यातून आराखडे, साचे आणि उत्पादनाची पद्धती मिळू शकते. विकासाची प्रक्रिया मात्र करारात मिळत नाही. ती कारखाना, कार्यशाळा व स्पर्धा यांच्या परस्परसंबंधातून स्थानिक पातळीवरच घडवावी लागते.

२. इटलीतील विकास साधनसंपत्तीच्या विपुलतेतून झाला नाही. सिसितालिया युद्धोत्तर टंचाईत जन्मली. त्यामुळे भारतातील स्थिरतेचे स्पष्टीकरण केवळ दारिद्र्याने देता येत नाही. धोरणात्मक रचना हे त्याचे अधिक समर्पक कारण आहे.

३. १९५० च्या दशकातील धोरणाने सुट्या भागांचा देशी उद्योग उभा केला, परंतु नवे घडविण्याची गरज संपविली. या दोन्ही परिणामांची नोंद एकत्रितपणे घेतली पाहिजे.

४. दुरुस्तीचे कौशल्य ही भारतीय तंत्रज्ञानाच्या इतिहासातील खरी भर आहे आणि तिची नोंद अद्याप अत्यल्प आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील जुन्या मिस्त्रींच्या आठवणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने संकलित करणे हे इतिहास विभाग व तंत्रनिकेतने यांचे संयुक्त कार्य होऊ शकते. 'शकुंतला'चे इंजिन हाताळणारे आणि पद्मिनीचे इंजिन उघडणारे हात आपल्याच परिसरातील होते. त्या पिढीतील जी माणसे आज हयात आहेत, त्यांच्याकडे जाण्यास विलंब झाला तर ही नोंद कायमची राहून जाईल.